मूळपुरुष

आमच्या विभागात त्यांना तोंडावर 'सर' म्हणतात आणि पाठीमागे 'मूळपुरुष'. हे टोपणनाव त्यांना ठाऊक आहे आणि त्याचा रागही नाही. खंत एवढीच, की ते कुणी ठेवलं, कधी ठेवलं, याची कुठे नोंद नाही.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पावसाच्या आकड्यांवर काम करते. आकडे तीन वाटांनी येतात : जमिनीवरच्या पर्जन्यमापकांकडून, उपग्रहांकडून आणि संगणकावर चालणाऱ्या हवामानाच्या मॉडेलकडून. ते निवडायचे, पाखडायचे, एकमेकांशी ताडून बघायचे, सरासऱ्या काढायच्या, नकाशे रंगवायचे. पूर्वी ज्याची त्याची स्क्रिप्ट असायची. माणूस नोकरी सोडताना ती बरोबर न्यायचा, किंवा त्याहून वाईट म्हणजे मागे ठेवून जायचा. शेवटी ठरलं, की या सगळ्या पायऱ्या एका दोऱ्यात ओवणारं वर्कफ्लो सॉफ्टवेअर आपणच लिहावं. आता एका पायरीवरून दुसरीवर जे काही जाणार, मग तो पाऊस असो, वारा असो की नकाशा, त्याला काही समाईक वळण हवं. म्हणून सगळ्यांच्या वर एक पूर्वज बसवायचा. सॉफ्टवेअरवाले त्याला बेस क्लास म्हणतात. बाकीचे क्लास त्याचे वंशज. पूर्वजाला जे येतं ते वंशजाला न शिकवता यायचं. हा पूर्वज लिहायचं काम सरांकडे आलं. आलं म्हणजे त्यांनी मागून घेतलं.

"बाकीचं तुम्ही सगळे करा," ते म्हणाले, "वरचा एक क्लास तेवढा माझ्याकडे. आठवड्यात देतो."

ही गोष्ट जानेवारीतली. पाऊस जूनमध्ये येतो, हे त्या वेळी सगळ्यांनाच लांबचं वाटत होतं.

सर पंचेचाळिशीचे, उंच, जरासे पुढे झुकलेले. त्यांच्या खिशात एक निळं पेन असतं आणि एक पेन्सिल. पेन पक्क्या गोष्टींसाठी, पेन्सिल बाकी सगळ्यासाठी. पेनातली शाई किती वर्षांची आहे कोण जाणे. पेन्सिली मात्र डझनाने लागतात. काखेत एक लांब वही. वहीच्या पहिल्या पानावर झाड काढलेलं, पण कुलवृत्तांतात असतं तसं उलटं : मूळ वर, फांद्या खाली. सरांच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे आणि तो त्यांनी पुरवणीसकट वाचलेला आहे. आमचा संशय असा, की सॉफ्टवेअरकडे ते तिथूनच आले.

बोलण्यात एक प्रश्न ठरलेला : "कुठून आलं?" मुलगा पास झाला म्हणून कुणी पेढे आणले, की बाकीचे पेढा उचलतात; सर आधी डबा उचलतात. "कुठले? कधीचे? आणि मूळ डबा हाच का, की वाटेत बदलला?" पेढे आणणारा बिचारा मुलाचे मार्क सांगायच्या तयारीने आलेला असतो. कॅन्टीनमध्ये पोह्यांचंही तेच. "यात शेंगदाणे कोणत्या टप्प्यावर पडले?" असं त्यांनी एकदा गंभीरपणे विचारलं होतं, आणि कॅन्टीनवाल्याने तितक्याच गंभीरपणे सांगितलं होतं, "कालच्या."

या प्रश्नाची टिंगल करू नये, हे मला पुढे कळलं. पण ते पुढे.

तर पूर्वज लिहायचा म्हणजे आधी त्याचं नाव ठरवायचं. बारसं तीन आठवडे चाललं. 'डेटा' हे नाव पहिल्याच दिवशी बाद झालं, कारण जो तो आपल्या स्क्रिप्टमध्ये कशालाही डेटा म्हणतो. 'बेसडेटा' म्हटलं तर जगात कुठेतरी त्याच नावाचा क्लास असणारच. मग सरांनी शनिवार-रविवार घालवून 'पदार्थ' हे नाव आणलं. कणादांच्या वैशेषिक दर्शनात द्रव्य, गुण, कर्म असं जे जे नाव देण्याजोगं आहे ते सगळं पदार्थात येतं, तेव्हा याहून वरचा क्लास असूच शकत नाही, असं त्यांनी अर्धा तास फळ्यावर मांडलं. मांडणी निर्दोष होती. पण संध्याकाळी कॅन्टीनवाल्याने विचारलं, "सर, नवीन पदार्थ कधी येणार म्हणतात सगळे? मला कुणी सांगितलंच नाही." आणि ते नाव पडलं.

नावाशिवाय काम थांबवणाऱ्यांपैकी सर नाहीत. नावाच्या जागी वहीत एक रिकामा चौकोन काढून ते पुढच्या कामाला लागले. पूर्वजाला काय काय आलं पाहिजे, याची यादी. त्याला स्वतःची ओळख सांगता आली पाहिजे. स्वतःला जपून ठेवता आलं पाहिजे आणि पुन्हा उघडता आलं पाहिजे. दुसऱ्याशी तुलना करता आली पाहिजे. नकाशावर बसता आलं पाहिजे. इथवर आम्ही माना डोलावत होतो. फेब्रुवारीच्या शेवटी यादीत 'वाजणे' आलं.

"वाजणे म्हणजे?" मी विचारलं.

"उद्या भूकंपाच्या लहरी आल्या तर? त्या ध्वनीत बदलून ऐकतात."

"सर, आपण पावसावर काम करतो."

"आज," सर म्हणाले, आणि 'आज'वर असा काही जोर दिला, की मला माझ्याच कामाची लाज वाटली.

बाजारात तुरी असतात तेव्हा घरात कसं भांडण होतं, हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलेलं आहे. सरांच्या पूर्वजात ते पुरतं उतरलं. मार्च उलटला तेव्हा क्लासमध्ये ४७ मेथड, म्हणजे यायलाच हव्यात अशा ४७ गोष्टी, होत्या. मी फाइल उघडून बघितली. त्यातल्या ४४ मेथडमध्ये एकच ओळ होती : नॉटइम्प्लिमेंटेडएरर. तिचा साध्या मराठीत अर्थ असा, की हे काम मी केलेलं नाही, पोराने करावं. घरात एखादे आजोबा असतात; ओसरीवर बसून सगळ्यांना जबाबदाऱ्या वाटून देतात आणि स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्याही घेत नाहीत. हा क्लास तसा झाला होता. पर्जन्यमापकासारखं एका जागी उभं राहणारं गरीब पोर त्या घरात जन्माला आलं असतं, तर 'मला वाजता येत नाही' हेसुद्धा त्याला लेखी द्यावं लागलं असतं.

सरांचा अभ्यास कमी होता, असं मात्र कुणी म्हणू नये. जगात ज्यांनी ज्यांनी असलं सॉफ्टवेअर लिहिलं त्यांचे पूर्वज त्यांनी एकेक करून तपासले होते. त्यातली एक गोष्ट ते फार रंगून सांगत. अमेरिकेत केप्लर नावाचं वैज्ञानिक वर्कफ्लोचं सॉफ्टवेअर आहे आणि ते उभं आहे बर्कलीच्या टॉलेमी-२ या सॉफ्टवेअरवर. "बघा," सर म्हणत, "टॉलेमीने पृथ्वी मध्ये बसवली, केप्लरने त्याची चक्रं मोडीत काढून ग्रहांना सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरवलं. आणि सॉफ्टवेअरमध्ये केप्लर टॉलेमीच्या वाड्यात राहतो!" त्या वाड्याच्या मुळाशी टोकन नावाचा एक क्लास आहे. पूर्णांक, अपूर्णांक, अक्षरं, सगळे त्याचे वंशज. त्या मूळ टोकनाला बेरजेची मेथड आहे, पण खुद्द त्यालाच बेरीज करायला सांगितली तर ते चूक दाखवून मोकळं होतं. हे सांगताना सर माझ्याकडे बघत. म्हणजे ओसरीवरचे आजोबा बर्कलीतही आहेत.

दुसरं त्यांचं आवडतं उदाहरण आयडा. हे पदार्थविज्ञानातल्या गणितांसाठी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला वाढलेलं सॉफ्टवेअर. त्यात डेटा एकदा साठवला, की त्याच्या आतलं काही बदलता येत नाही. बदल हवा असेल तर नवा डेटा करा, आणि तो कोणत्या जुन्यातून, कोणत्या गणिताने आला हे आपोआप नोंदलं जातं. "त्यांच्या पूर्वजाला 'कुठून आलं' हे विचारावं लागत नाही," सर हळव्या आवाजात म्हणत, "तो जन्मतःच सांगतो."

सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नौका बुडाल्याशिवाय जसा प्रसाद मिळत नाही, तसं सरांच्या मीटिंगमध्ये मंगळावरचं यान गमावल्याशिवाय चहा येत नसे. तारीख सगळ्यांना पाठ झाली होती : २३ सप्टेंबर १९९९. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर. एका सॉफ्टवेअरने धक्क्याचा आकडा पौंड-सेकंदात दिला, दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंदात वाचला, जवळजवळ साडेचार पटीचा फरक पडला आणि यान गेलं. कथेत प्रसाद न घेता धावलेली कलावती; इथे युनिट न लिहिणारा प्रोग्रामर. दोषी ठरलेला असतो, श्रोतेही तेच असतात, आणि डोळे मिटून ऐकण्याची पद्धतही तीच.

एप्रिलमध्ये आम्ही एका कार्यशाळेसाठी जीपने साताऱ्याला निघालो. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांग होती. पुढे उसाचा ट्रक, मागे एसटी, बाजूला लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेली ट्रॅव्हल्स. सर एकदम खुलले.

"मॅडम, तुम्हाला माहीत आहे का, वारसा हक्काची ही सगळी कल्पना टोलनाक्यावर जन्मली?"

मला वाटलं, आता कुलवृत्तांत निघतो. पण निघालं नॉर्वे. ऑस्लोच्या संगणन केंद्रात ओले-योहान दाल आणि क्रिस्तेन न्यूगोर हे दोघं सिम्युला नावाची भाषा रचत होते. खऱ्या जगातल्या रांगा संगणकात हुबेहूब चालवून बघायच्या, हा तिचा मूळ उद्योग. त्यात पुलावरच्या टोलनाक्याचं उदाहरण निघालं. रांगेत ट्रक आहेत, बस आहेत. ट्रकचं वागणं वेगळं, बसचं वेगळं. पण रांगेत उभं राहणं, पुढच्यामागच्याची दखल ठेवणं दोघांचं सारखंच. मग ते सारखं तेवढं दोनदा का लिहायचं? ते वेगळं काढून वर ठेवलं, आणि ट्रक नि बस त्याच्याखाली आले. सिम्युला ६७ मध्ये ही कल्पना भाषेतच बसली, आणि २००१ चं ट्युरिंग पारितोषिक त्या दोघांना मिळालं.

"म्हणजे आपण आत्ता तीर्थक्षेत्री उभे आहोत!" सर पुढच्या ट्रककडे भक्तिभावाने बघत म्हणाले.

मी सहज विचारलं, "पण सर, त्यांच्या रांगेत ट्रक आणि बस आधीच उभ्या होत्या ना? सारखं काय ते मागाहून दिसलं."

सर गप्प झाले. रांग सरकली, टोल भरला, शिरवळ गेलं. खंबाटकी ओलांडल्यावर त्यांनी वही काढली. "तुमचा मुद्दा नोंदवून ठेवतो," म्हणाले, आणि नोंदवला. पेन्सिलीने.

हाच मुद्दा त्यांना घरी रोज ऐकू येत असणार, हे मला पुढच्या रविवारी कळलं. काही कागद द्यायला मी त्यांच्या कोथरूडच्या घरी गेले होते. स्वयंपाकघरात फळीवर एकाच मापाच्या, एकाच झाकणाच्या चोवीस बरण्या ओळीने उभ्या. कुठलीही बरणी कुठल्याही बरणीच्या जागी बसली पाहिजे, ही सरांची योजना. सामान यायच्या आधी बरण्या आल्या होत्या. आता एका बरणीच्या तळाशी हिंगाची पुडी हरवल्यासारखी पडली होती, दुसरीत गूळ असा काही बसला होता, की बाहेर काढायला बरणीच फोडावी लागेल, आणि चकल्यांचं तर तोंडातून आत जातानाच पीठ झालं होतं.

"यांना म्हटलं, अहो, सामान आधी येतं, मग त्याला साजेशी बरणी निघते," वहिनी चहा गाळता गाळता सांगत होत्या. "आमच्या आईकडे बोर्नव्हिटाचा डबा रव्याचा झाला आणि डालड्याचा पापडांचा. कुणी ठरवलं नव्हतं. पण पन्नास वर्षं पापड मऊ पडले नाहीत."

"त्यावर लेबल नव्हतं," सर बाहेरून म्हणाले.

"घरात सगळ्यांना माहीत होतं."

"घरातलं माणूस बदललं की?"

वहिनी क्षणभर थांबल्या. "हां, ते खरं. मी नवीन होते तेव्हा एकदा पापडांच्या डब्यात साबुदाणा शोधत बसले होते."

मे महिन्यात सोलापूरहून एक इंटर्न आला. दोन महिन्यांसाठी. अंगात सोलापूरचं ऊन आणि कामाची घाई. आल्या दिवशी त्याने विचारलं, "सर, बेस क्लास कुठाय?" सरांनी त्याला वही दाखवली. त्याने ती आदराने शेवटपर्यंत चाळली आणि म्हणाला, "भारीच आहे सर. पण चालवायचा कुठला?"

त्याच सुमारास वरून निरोप आला, की जूनच्या पहिल्या आठवड्यात आढावा आहे. वर्कफ्लो चालवून दाखवा. चालवून दाखवण्यासारखं आमच्याकडे एक रिकामा चौकोन आणि ४७ मेथड होत्या. सर म्हणाले, अजून एक आठवडा. इंटर्न काहीच म्हणाला नाही. त्या रात्री तो ऑफिसातच बसला. सकाळी आम्ही आलो तर तीन स्क्रिप्ट तयार. पर्जन्यमापकांसाठी त्याने एक क्लास लिहिला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'पाऊस'. बारसं तीन सेकंदांत. उपग्रहाचा क्लास लिहायची वेळ आली तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते, म्हणून त्याने तो सरळ 'पाऊस'चा वंशज केला. मॉडेलचाही. वर्कफ्लो पहिल्या पायरीपासून शेवटच्या नकाशापर्यंत धडधडत चालला. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक करत होते.

मग नकाशे उघडले.

पहिल्या नकाशात एका तालुक्याचा सरासरी पाऊस उणे २१२ मिलिमीटर. म्हणजे तिथे पाऊस जमिनीतून निघून आभाळात गेला होता. दुसऱ्यात, मॉडेलच्या हिशेबाने, ऐन जुलैतलं रत्नागिरी कोरडं ठणठणीत, दिवसाला ०.०००३५ पाऊस. तिसऱ्याने तर खळबळच उडवली. उपग्रहाचे आणि पर्जन्यमापकांचे आकडे शेजारी ठेवले, तर उपग्रहाला पाऊस दर वेळी एक दिवस आधीच दिसत होता. इंटर्नचे डोळे चमकले. "मॅडम, उपग्रहाला आदल्या दिवशीच कळतंय! पेपर होईल यावर." मीही, खोटं का बोलू, पेपरचं शीर्षक मनात जुळवायला लागले होते.

सर उठून आले. त्यांनी कुणाला चूक म्हटलं नाही. पडद्याजवळ उभे राहून पहिल्या नकाशावर बोट ठेवलं.

"हा आकडा कुठून आला?"

इंटर्नने शोधलं. चार चौकोनांची सरासरी होती. तिघांत प्रत्येकी ५० मिलिमीटर आणि चौथ्यात -९९९. जिथे मोजमाप नाही तिथे -९९९ लिहायची पावसाच्या आकड्यांत रीत आहे. मोजलं नाही, ही ती खूण. स्क्रिप्टने तीही पाऊस म्हणून मिळवली होती. १५० मधून ९९९ गेले, भागिले चार.

"आणि हा कशात मोजलाय?" सरांचं बोट रत्नागिरीवर गेलं. मॉडेल पाऊस देतं तो दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती किलो पाणी पडलं या हिशेबात. एक किलो पाणी एका चौरस मीटरवर पसरलं की एक मिलिमीटर पाऊस होतो, तेव्हा इथवर ठीक. पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात आणि त्यांनी गुणायचं राहिलं होतं. गुणलं, आणि रत्नागिरीत दिवसाला ३० मिलिमीटर पाऊस पडला. कोकण पुन्हा कोकणात आलं.

तिसऱ्या नकाशापाशी सर जरा जास्त वेळ थांबले. "याचा दिवस कधी सुरू होतो?"

"म्हणजे? रात्री बाराला."

"पर्जन्यमापक कधी वाचतात?"

हे मला माहीत होतं, आणि माहीत असून मी विसरले होते. आपल्याकडे पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहितात. चौदा तारखेला दुपारी पडलेली सर पंधरा तारखेच्या खात्यात जमा होते. उपग्रहाचा दिवस मात्र ग्रीनिचच्या मध्यरात्री सुरू होतो, आपल्या पहाटे साडेपाचला, आणि तो ती चौदालाच लिहून मोकळा होतो. उपग्रहाला भविष्य कळत नव्हतं. दोघांच्या वह्यांत तारखा वेगळ्या होत्या, एवढंच. माझ्या पेपरचं शीर्षक तिथल्या तिथे विरघळलं.

खोलीत कुणी काही बोलेना. मंगळावरच्या यानाची कथा सांगायला याहून चांगला मुहूर्त सरांना जन्मात मिळाला नसता. आम्ही सगळे ती ऐकायला मान खाली घालून तयार होतो. पण सरांनी खुर्ची ओढली, इंटर्नच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तिन्ही स्क्रिप्ट दाखव. सावकाश."

ते दुपारभर वाचत होते. एका हाताला तीन स्क्रिप्ट, दुसऱ्या हाताला स्वतःच्या ४७ मेथड. तिन्ही पोरांना खरोखर लागणारी गोष्ट सापडली, की वहीतल्या त्या नावाला निळ्या पेनाने गोल करायचे. बाकीच्यांवर रेघ. 'वाजणे' गेलं. 'तुलना' गेली, कारण कशाशी तुलना ते ज्याचं त्याला माहीत. 'नकाशावर बसणे'सुद्धा गेलं. एकेक रेघ मारताना ते किंचित थांबत. दिवाळीला घर आवरताना जुनी पत्रं हातात आली की माणूस थांबतो, तसे. संध्याकाळी पाच गोल उरले. हा डेटा कुठून आला. कशात मोजला. न मोजलेल्याची खूण काय. याचा दिवस कधी सुरू होतो. आणि एकदा साठवला की बदलायचा नाही. बदल हवा तर नवा करा.

मला टोलनाका आठवला. त्यांनाही आठवला असावा, कारण वही मिटताना ते पुटपुटले, "गाड्या आधी लागतात खऱ्या."

आता हे पाच ठेवायचे कुठे? सर नव्या क्लासचं नाव शोधायला लागणार, तेवढ्यात इंटर्न म्हणाला, "सर, 'पाऊस'मध्येच टाका ना. सगळे त्याच्याखालीच आहेत. आढावा परवा आहे. वेळ मिळाला की नाव बदलू."

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता कणाद येणार. पण त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. "टाक."

आढावा नीट पार पडला. कुणाला काही वेगळं घडलंय हे कळलंसुद्धा नाही, आणि बेस क्लासच्या बाबतीत याहून मोठी शाबासकी नसते. जुलैमध्ये इंटर्न सोलापूरला परत गेला. त्यानंतर एकदा मी ती फाइल उघडली. अगदी वर, क्लास सुरू व्हायच्या आधी, सरांनी चार ओळी लिहून ठेवल्या आहेत : हा क्लास कोणत्या तीन स्क्रिप्टमधून निघाला, कोणत्या रात्री, कुणी लिहिला. नाव इंटर्नचं. सरांचं कुठेच नाही.

"सर, पाचही गोष्टी तुमच्या आहेत," मी म्हटलं. "तुमचं नाव हवं ना."

"मी कुठे लिहिला?" ते म्हणाले. "मी फक्त खोडला."

ज्याची सगळी हयात 'कुठून आलं' विचारण्यात गेली, त्या माणसाने आपल्याच नावाची नोंद ठेवली नाही. मग विचार केला, की कुलवृत्तांतातल्या मूळपुरुषालाही आपण मूळपुरुष आहोत हे कुठे माहीत असतं? तो आपला कोकणातून पोट भरायला घाट चढून वर आलेला असतो. पोरं होतात, नातवंडं होतात, पुढे पाच-सात पिढ्यांनी कुणीतरी वही घेऊन बसतं आणि त्याला वर नेऊन बसवतं.

'पाऊस'चं नाव अजून बदललेलं नाही. दरम्यान वर्कफ्लोचा संसार वाढला. आज वारा 'पाऊस'चा वंशज आहे, तापमान आहे, मातीतला ओलावा आहे. गेल्या महिन्यात धूळही त्या घरात नांदायला आली. नवीन रुजू झालेलं माणूस पहिल्या आठवड्यात कधीतरी माझ्या टेबलाशी येतं आणि चाचरत विचारतं, "मॅडम, वारा हा पावसाचा मुलगा कसा?" मी त्याला सरांकडे पाठवते.

सर उत्तर देत नाहीत. "चला, चहा घेऊन येऊ," म्हणतात आणि त्याला शिवाजीनगरच्या चौकात घेऊन जातात. तिथे हवामान खात्याची मनोऱ्यावर घड्याळ असलेली जुनी दगडी इमारत आहे. सर बाहेरच्या बाजूला उभं राहून विचारतात, "या चौकाला काय म्हणतात?"

"सिमला ऑफिस."

"सिमला दिसतंय का कुठे?"

पोरगं इकडेतिकडे बघतं. एक पीएमपी जाते, दोन रिक्षा थांबतात.

"१९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं," सर सांगतात. "लोकांनी सिमला ऑफिस म्हणायला सुरुवात केली. १९४४ साली मुख्यालय इथून दिल्लीला गेलं."

"मग नाव?"

"बदलतील," सर म्हणतात, आणि कटिंगचा पेला हातात घेऊन त्याच्या काठावरून इमारतीकडे बघतात, "वेळ मिळाला की."